आमच्या मागे धाकट्याचं काय?

पत्र

ताई, स. न. वि. वि.

मी अमळनेर तालुक्यातला, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. वय ७२. बोरी नदीकाठी वडिलांकडून आलेली ६ एकर जमीन आहे. १९९४ साली पगारातून आणि सोसायटीच्या कर्जातून ३ एकर घेतली. गावातलं घर सौ.च्या नावावर आहे. बँकेत १४ लाखांच्या ठेवी, नॉमिनी मोठा मुलगा. तो पुण्यात नोकरीला. मुलगी, घरात तिला सगळे ताई म्हणतात, सुरतेला दिली आहे. धाकटा ३४ वर्षांचा, जन्मापासून मतिमंद. हाताने जेवतो, गुरांना पाणी दाखवतो, पण नोट शंभराची की पाचशेची हे त्याला कळत नाही. मोठा म्हणतो, "आत्ताच सगळ्याचं बक्षीसपत्र करून टाका, ताईकडून हक्कसोड घ्या, त्याला मी सांभाळतो." तहसीलसमोर बसणारा एक जण म्हणाला, मृत्युपत्र केलं तर कोर्टातून प्रोबेट आणावं लागतं, वर्षं जातात, त्यापेक्षा ट्रस्ट करा. त्याचे ४० हजार सांगितले. सौ. रात्री एकच विचारते, "आमना मांगे याले कोन देखी?" काय करावं?

— नाना, अमळनेर तालुका

उत्तर

नाना, नमस्कार.

माईंनी, म्हणजे तुमच्या सौ.नी, विचारलं तेच या सगळ्याचं मूळ आहे. बाकीचे सगळे जमीन कोणाच्या नावावर जाणार एवढंच बोलतायत. धाकट्याला सकाळी चहा कोण देणार, ताप आला तर दवाखान्यात कोण नेणार आणि त्याचा पैसा कोणाच्या हातात राहणार, हे कोणीच बोलत नाही. म्हणून मी तिथूनच सुरुवात करते, जमिनीकडे नंतर येऊ. तोवर एवढं पाळा: कोणी कितीही घाई केली तरी निबंधक कार्यालयात जाऊन कशावरही सही करू नका.

तुमच्या पत्रात पेन्शनचं नावही नाही, आणि धाकट्यासाठी ती जमिनीइतकीच मोलाची आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ प्रमाणे तुमच्यानंतर कुटुंब निवृत्तिवेतन माईंना मिळेल. माईंच्या पश्चात, स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला ते हयातभर मिळू शकतं. इतर मुलांना असलेली वयाची मर्यादा त्याला लागत नाही. पाऊस पडो न पडो, कापसाला भाव असो नसो, दर महिन्याला ठरलेली रक्कम त्याच्या खात्यात येत राहील. अडचण एवढीच की खूप घरांत आई-वडील गेल्यावर हे कळतं, आणि मग अपंगत्व कधीपासूनचं, हा खरंच त्यांचाच मुलगा का, असे दाखले गोळा करत भावंडं पंचायत समिती ते जिल्हा परिषद अशा चकरा मारत राहतात. तुम्ही हयात असताना हे काम सोपं आहे. धाकट्याचं अपंगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) शासकीय रुग्णालयातून काढलेलं नसेल तर आधी ते काढा. मग तुमच्या पेन्शनच्या कागदपत्रांत कुटुंबातला दिव्यांग मुलगा म्हणून त्याचं नाव नोंदवून घ्यायचा अर्ज पंचायत समितीच्या शिक्षण विभागामार्फत द्या आणि पोच घ्या. पोच घरात जपून ठेवा.

आता ही पेन्शन उद्या त्याच्या वतीने घेणार कोण? पालक. आणि इथे बहुतेक आई-वडिलांची समजूत चुकते. मूल १८ वर्षांचं झालं की कायद्याच्या नजरेत आई-वडीलही आपोआप त्याचे पालक राहत नाहीत, मग त्याला व्यवहार कळो वा न कळो. त्यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत स्थानिक स्तर समिती असते आणि ती कायदेशीर पालक नेमते. अर्ज आई-वडील किंवा नातेवाईक करू शकतात, आणि आपल्या पसंतीच्या माणसाचं नाव सुचवू शकतात. नेमलेल्या पालकाने ६ महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यायची आणि दरवर्षी हिशेब सादर करायचा, असं कायद्यातच लिहिलं आहे. म्हणजे उद्या जो कोणी सांभाळेल त्याच्यावर कोणाची तरी नजर राहील. याच न्यासाची निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे, १ लाख रुपयांपर्यंत खर्च मिळतो. अर्ज करतानाच तिचीही चौकशी करा.

पालक म्हणून नाव कोणाचं द्यायचं हे मी सांगू शकत नाही. पण एक विचारून बघा. धाकट्याचा दिवस गोठा, गुरं, ओटा आणि ओळखीची चार माणसं यांच्यात जातो. तो पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहील का? मोठ्याची इच्छा खरी असेल, पण सुनेला विचारलंय का? सुरतेच्या लेकीला विचारलंय का? कधी कधी गावातला चुलतभाऊ त्याला जास्त जवळचा असतो. दोघं हयात आणि धडधाकट असताना दिवाळीत किंवा आखाजीला सगळ्यांना एकत्र बसवा, धाकट्यालाही बसवा, आणि हे मोकळेपणी बोला. माझं ठाम मत असं की सांभाळणारा आणि पैसा धरणारा हे एकच माणूस नसावं. एकाने त्याला बघावं, दुसऱ्याने खर्चाचं बघावं. त्याने दोघांवरचा भार हलका होतो आणि संशयालाही जागा राहत नाही.

आता जमीन. "वडिलांकडून आलेली" एवढ्याने काही ठरत नाही, नाना. ती वडिलांकडे कशी आली ते बघावं लागेल. आजोबांच्या काळापासून वाटणी न होता चालत आलेली असेल तर ती एकत्र कुटुंबाची, आणि त्यात तुमच्या तिन्ही मुलांचा जन्मतः हक्क आहे. वडिलांनी ती स्वतः विकत घेतली असेल आणि १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मृत्युपत्र न करता ते वारले असतील, तर तुमच्या वाट्याला आलेला हिस्सा तुमच्या एकट्याचा. गावात दोन्हीला वडिलोपार्जितच म्हणतात, कोर्टात मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडतो. त्यासाठी आजचा सातबारा पुरत नाही. सातबाऱ्यावर फेरफार (नावबदलाच्या नोंदी) क्रमांकांची माळ असते. ती धरून मागे मागे जा, जुने फेरफार आणि हस्तलिखित सातबारे तहसीलच्या अभिलेख कक्षातून नकलेने काढा. जुन्या फेरफारात "एकत्र कुटुंब मॅनेजर", "ए.कु.मॅ." असं लिहिलेलं सापडलं तर ती मोठी खूण आहे.

समजा ६ एकर एकत्र कुटुंबाचीच निघाली. ६ एकर म्हणजे २४० गुंठे. तुमच्या मरणाच्या क्षणी वाटणी झाली असती तर कोणाला किती, असा हिशेब कायदा मांडतो. तुम्ही, माई आणि तीन मुलं, असे ५ वाटे. प्रत्येकी ४८ गुंठे. त्यातल्या फक्त तुमच्या ४८ गुंठ्यांचं तुम्ही मृत्युपत्र करू शकता. उरलेलं तुमचं नाहीच, देणार कुठून? तीच गोष्ट बक्षीसपत्राची, आणि तिथे तर आणखी कडक आहे: एकत्र कुटुंबातला न वाटलेला हिस्सा इतरांच्या संमतीवाचून बक्षीस देता येत नाही. घर माईंचं, म्हणजे तेही तुमच्या हातात नाही. मोठा ज्याला "सगळ्याचं बक्षीसपत्र" म्हणतो त्यात जमिनीपैकी खरं तर १९९४ ची ३ एकर तेवढी येते.

आणि तीही आत्ता देऊ नका, असं माझं सांगणं. मुलाला शेतजमीन बक्षीस देताना मुद्रांक शुल्क २०० रुपयेच असतं, वर स्थानिक अधिभार, म्हणून ते स्वस्त आणि झटपट वाटतं. पण दिलेलं बक्षीस मनाला वाटलं म्हणून परत घेता येत नाही. मृत्युपत्र तुम्ही शेवटच्या दिवसापर्यंत बदलू शकता. मोठ्याच्या मनात काही वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही. पण तोही माणूस आहे. उद्या त्याच्यावर कर्ज झालं, घरात काही बिनसलं, किंवा देव न करो, तो तुमच्याआधी गेला, तर धाकट्याची भाकरी त्याच्या वारसांच्या हाती जाईल. द्यायचंच असेल तर बक्षीसपत्रात "घेणाऱ्याने आम्हा दोघांचा सांभाळ करावा" ही अट स्पष्ट शब्दांत घाला. अट लिहिलेली असेल आणि ती मोडली तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली प्रांताधिकाऱ्यांकडे दाद मागून बक्षीसपत्र रद्द करता येतं. पण हा कायदा ज्येष्ठांसाठी आहे, तुमच्या मागे धाकट्याला त्याचा आधार नाही.

मुलीच्या हक्कसोडीचं. ताईचे ४८ गुंठे तिचे आहेत, भावाच्या इतकेच. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः हक्क दिला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात त्यावरची उरलीसुरली शंकाही मिटवली. खान्देशात अजून साडी-चोळी देऊन, राखीच्या दिवशी, "भाऊबंदकी नको" म्हणत बहिणीची सही घेतात. ते मला पटत नाही. ताईला मनापासून सोडायचं असेल तर तिने सोडावं, पण मोठ्याच्या नावे कशासाठी? धाकट्याच्या नावे सोडता येतं. तिला हा पर्याय आहे हे कोणी सांगितलं का, ते विचारा.

म्हणजे तुम्हाला हवं आहे ते मृत्युपत्र, आणि माईंनाही घरासाठी त्यांचं वेगळं. एकाच कागदावर दोघांचं करू नका. साध्या कागदावर चालतं, स्टँप लागत नाही, नोंदणीची सक्तीही नाही. मात्र दोन साक्षीदारांनी तुम्हाला सही करताना बघितलेलं असावं आणि त्यांनी तुमच्यासमोर सही करावी. पुढे वाद झालाच तर त्यातल्या एकाला तरी कोर्टात येऊन सांगावं लागतं. म्हणून साक्षीदार तुमच्याहून वयाने लहान, गावात सापडणारे, आणि ज्यांना त्यातून काही मिळायचं नाही असे घ्या. एक तुमचे नेहमीचे डॉक्टर असतील तर उत्तम. तब्येत आणि मन ठीक असल्याचा त्यांचा दाखलाही जोडा. मोठ्या मुलाला सोबत नेऊ नका, त्याच्याकडून मसुदाही लिहून घेऊ नका. ज्याला फायदा मिळतो त्यानेच सगळी धावपळ केली असेल तर कोर्ट त्या मृत्युपत्राकडे संशयाने बघतं. सक्ती नसली तरी अमळनेरच्या दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. मुद्रांक शुल्क नाही, फी किरकोळ आहे, आणि मूळ प्रत हरवली किंवा कोणी दडवली तरी नक्कल मिळते.

मजकुरात काय? माझ्या मते ३ एकर आणि तुमचे ४८ गुंठे यांचं उत्पन्न धाकट्याला हयातभर, आणि त्याच्यानंतर जमीन मोठा व ताई यांना निम्मी निम्मी. त्याच्यानंतरचं तुम्हीच लिहायला हवं, कारण तो स्वतः मृत्युपत्र करू शकणार नाही. मोठ्याला आणि ताईला जन्माने आलेले ४८-४८ गुंठे आहेतच, त्यांच्यावर अन्याय होत नाही. तरीही कारण लिहा, स्वतःच्या शब्दांत: "माझा धाकटा मुलगा स्वतः कमावू शकत नाही व व्यवहार करू शकत नाही, म्हणून मी त्याला जास्त देत आहे. मोठ्या मुलावर व मुलीवर माझी माया कमी नाही." अशी दोन वाक्यं मुलांनाही सांभाळतात आणि कोर्टालाही पुरतात. त्याच्या हयातीत जमीन विकायची नाही, अपवाद फक्त त्याच्या औषधोपचाराचा, हेही घाला. एक जागा नाजूक आहे: "पत्नीला हयातभर, नंतर मुलांना" असं लिहिलेल्या मृत्युपत्रांवर खूप खटले चालले आहेत, कारण पत्नीला पोटगीच्या हक्कापोटी मिळालेली मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची ठरू शकते. माईंना काय द्यायचं ते वकिलाकडून शब्द तपासून लिहा.

ठेवींचं मात्र ट्रस्टने करा. त्यासाठी ४० हजार मोजायची गरज नाही. १८८२ च्या भारतीय न्यास कायद्याप्रमाणे खासगी ट्रस्ट मृत्युपत्रातूनच उभा राहतो. "माझ्या ठेवींची रक्कम अमुक तिघांनी विश्वस्त म्हणून ताब्यात घ्यावी, बँकेत ठेवावी, व्याज धाकट्याच्या अन्न, कपडे, औषध यांवर खर्च करावं, गरज पडली तर मुद्दलातून काढावं, आणि वर्षाचा हिशेब त्याच्या पालकाला द्यावा", एवढा परिच्छेद त्याचा पाया. धर्मादाय आयुक्तांकडे जायचं नाही, तिथे सार्वजनिक ट्रस्ट नोंदतात. तिघांत मोठा आणि ताई असू द्यात, तिसरा बाहेरचा. तुम्ही इतकी वर्षं शिकवलंत. एखादा विद्यार्थी बँकेत किंवा शाळेत असेलच, ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकता येईल. त्याला विचारा. शेतजमीन मात्र या ट्रस्टमध्ये घालू नका. कुळकायद्यात बिगरशेतकऱ्याकडे शेतजमीन जाण्यावर निर्बंध आहेत आणि त्यात अडकायचं कारण नाही.

ठेवींवर मोठा नॉमिनी आहे म्हणून पैसा त्याचा होत नाही. बँक पैसे नॉमिनीच्या हातात देते, मालकी वारसांची किंवा मृत्युपत्रात लिहिलेल्यांची राहते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सच्या एका प्रकरणात नॉमिनेशनबद्दल हेच पुन्हा सांगितलं. तरी मृत्युपत्र एक बोलतं आणि नॉमिनेशन दुसरंच, असं ठेवू नका. नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चारपर्यंत नॉमिनी देता येतात, तेव्हा विश्वस्तांची नावं टाकून घ्या. आणि रोजच्या खर्चाचं खातं माईंसोबत आयदर ऑर सर्व्हायव्हर (दोघांपैकी कोणीही, किंवा मागे राहील तो पैसे काढू शकेल असं) करून ठेवा, म्हणजे तुमच्या दहाव्याच्या खर्चासाठी त्यांना कोणापुढे हात पसरावा लागणार नाही.

प्रोबेटची भीती मनातून काढा. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं आहे असा कोर्टाचा शिक्का. तो मिळवल्याशिवाय मृत्युपत्राचा हक्क सांगता येत नाही ही सक्ती हिंदूंसाठी मुख्यतः मुंबई, कोलकाता, चेन्नई या जुन्या इलाखा शहरांत होती: मृत्युपत्र तिथे केलेलं असेल किंवा स्थावर तिथे असेल तर. अमळनेरला ती कधीच नव्हती. आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ती सक्ती करणारं भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम २१३ च काढून टाकलं. वाद उभा राहिलाच तर मृत्युपत्रात नेमलेला व्यवस्थापक (ते अमलात आणणारा) स्वतःहून जिल्हा न्यायालयात प्रोबेट मागू शकतो, तो रस्ता उघडा आहे.

तुमच्या मागे जमिनीचं काम महसूल खात्यात होईल. मृत्यूचा दाखला आणि मृत्युपत्र घेऊन ३ महिन्यांत तलाठ्याकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, वर्दी द्यायची. ते नोंद धरतात, नोटिसा काढतात, १५ दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. हरकत आली तर तक्रारी नोंद होऊन सुनावणी लागते. फेरफाराने मालकी ठरत नाही, ती दिवाणी कोर्टच ठरवतं, पण सातबाऱ्यावर धाकट्याचं नाव वेळेत लागणं त्याच्या पीककर्ज-विम्यापासून सगळ्याला गरजेचं आहे. मृत्युपत्रात व्यवस्थापक नेमाल तेव्हा हे काम त्याच्यावर नावानिशी टाका, आणि मूळ प्रत कुठे आहे ते त्याला आणि ताईला, दोघांनाही सांगून ठेवा.

पैशाचं म्हणाल तर, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली स्त्रियांना आणि दिव्यांगांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. माई आणि धाकटा, दोघंही त्यात बसतात. अमळनेरच्या कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समितीत जा, किंवा १५१०० वर फोन करा. पालकत्वाचा अर्ज आणि माईंचं मृत्युपत्र तिथून सुरू करा. जाताना धाकट्याचं आधार, अपंगत्वाचा दाखला आणि तुमची पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) प्रत बरोबर असू द्या.